फलक लागला, पण वेग उतरला का?

शाळा सुटली की पहिली पाच मिनिटे आमच्या मोहल्ल्यातला रस्ता मुलांचा असतो. पहिली-दुसरीची लेकरे फाटकातून बाहेर येतात ती धावतच. कोणाच्या गळ्यात पाण्याची बाटली, कोणाच्या बुटाची नाडी सुटलेली, कोणी पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या अम्मीला हाका मारतो आहे. त्याच पाच मिनिटांत त्याच रस्त्यावरून एसटी जाते, वडापच्या जीपा जातात, हंगामात उसाचे ट्रॅक्टर जातात, आणि आपापल्या मुलांना न्यायला आलेले आम्ही पालक मोटारसायकली दामटत येतो.

दोन वर्षांपूर्वी याच पाच मिनिटांत चौथीतली एक मुलगी मोटारसायकलखाली सापडली. अल्लाहचे लाख शुक्र, जीव वाचला. पण मांडीचे हाड मोडले, आत सळई घालावी लागली, शाळेचे अर्धे वर्ष अंथरुणात गेले. आजही ती चालताना एक पाय किंचित ओढते. धडक देणारा कोणी दारू प्यालेला ट्रकवाला नव्हता. त्याच शाळेत दुसरीत असलेल्या आपल्या मुलाला न्यायला निघालेला, उशीर झाला म्हणून घाईत असलेला एक बाप होता. दोन्ही घरे एकमेकांच्या लग्नकार्यांना जाणारी.

चार वडीलधारी माणसे बसली. दवाखान्याचा खर्च देण्याचे ठरले, पोलिसांत जायचे नाही असे ठरले, दोन्ही घरांनी एकमेकांना माफ केले. त्या बैठकीत आम्हीही होतो आणि आम्हालाही तेच योग्य वाटले. त्यात आमची एक चूक झाली. ती पुढे सांगू.

आमचा पहिला फलक

बैठक संपता संपता सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते: "फलक लावा." अपघाताच्या आधीच्या वर्षी नगरपरिषदेने तो रस्ता काँक्रीटचा केला होता. जुन्या डांबरी रस्त्यावर खड्डे होते, त्यामुळे गाड्या आपोआप हळू चालत. शाळेजवळ एक गतिरोधक आणि एक गंजलेला फलकही होता. काँक्रीटच्या कामात दोन्ही गेले आणि परत आले नाहीत. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, आणि शाळा जिथे होती तिथेच राहिली.

आम्ही वर्गणी काढली. पेंटरकडून पत्र्याचा फलक रंगवून घेतला: "पुढे शाळा आहे. वाहने हळू चालवा." खाली देणगीदारांची नावे. खरे सांगायचे तर नावे मजकुरापेक्षा मोठी झाली. पहिला आठवडा लोकांनी फलक वाचला. महिन्याभरात त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर चढला. बॅनर उतरवला तेव्हा फलकाचा एक खिळा निघालेला होता. गाड्या मात्र पहिल्या दिवशी ज्या वेगाने जात होत्या त्याच वेगाने जात होत्या.

तेव्हा आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारले, "हळू म्हणजे किती?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. कोणाच्या मते वीस, कोणाच्या मते चाळीस. जी गोष्ट फलक लावणाऱ्यांनाच ठाऊक नाही ती गाडीवाल्याने कशी पाळावी?

शाळेच्या भिंतीवर आम्ही नजर टाकली. शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला बंदी असल्याची पाटी होती. शंभर मीटरच्या आत शांतता क्षेत्र असल्याने हॉर्न न वाजवण्याची सूचना होती. मुलांची फुप्फुसे आणि कान जपण्याची तजवीज झाली होती. त्यांच्या अंगावर येणाऱ्या गाडीच्या वेगाविषयी भिंतीवर एक शब्द नव्हता.

त्रिकोण आणि वर्तुळ

त्यानंतर आम्ही थोडा अभ्यास केला. रस्त्यावरच्या चिन्हांना आपल्याकडे ठरलेली भाषा आहे. लाल काठाच्या त्रिकोणात दप्तर घेतलेली मुले दिसली तर ती सावधगिरीची सूचना असते: पुढे शाळा आहे, सांभाळा. लाल काठाच्या वर्तुळात आकडा असेल तर तो हुकूम असतो: याहून जास्त वेग नको. त्रिकोण विनंती करतो, वर्तुळ बजावते. आमचा देणगीदारांचा फलक या दोन्हींपैकी काहीच नव्हता.

पण वर्तुळ आपण आपल्या हाताने रंगवून लावले तरी ते हुकूम होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ११२ नुसार एखाद्या रस्त्यावर कमी वेगमर्यादा ठरवायची तर दोन गोष्टी लागतात. सक्षम अधिकाऱ्याने तशी अधिसूचना काढली पाहिजे, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी चिन्ह उभे राहिले पाहिजे. अधिसूचना नसेल तर फलक नुसता सल्ला राहतो. अधिसूचना असून फलक नसेल तर ती फाईलीत झोपून राहते. नुसता फलक उभा केलेल्या गावात पोलिसाने दंड करायचा म्हटला तरी त्याच्या हातात कायद्याचा कागद नसतो.

ही कमी मर्यादा मुद्दाम मागावी लागते, आपोआप मिळत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला ताशी ७० आणि मोटारसायकलला ताशी ६० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. स्थानिक प्रशासनाने ती खाली आणली नाही तर शाळेच्या फाटकापुढून साठने गेलेली मोटारसायकल निव्वळ वेगाच्या हिशोबाने कायद्यातच बसते! हे वाचले तेव्हा आम्ही थोडा वेळ एकमेकांकडे पाहत राहिलो.

तेरा मीटर

पंचवीस-तीसचाच आग्रह का? याचे उत्तर साध्या हिशोबात आहे. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते, मग ब्रेक लागून आणखी ५ मीटरवर थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० वेगाची मोटार नुसत्या त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर जाते. म्हणजे ज्या जागी तीसची गाडी पूर्ण थांबलेली असते, त्या जागी पन्नासच्या गाडीचा ब्रेक अजून लागायचाच असतो. तेरा मीटरवर मूल उभे असेल तर एका गाडीने ते घाबरेल, दुसरीने ते उरणार नाही.

म्हणूनच जिथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असे २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचेही हेच सांगणे आहे. तिच्या माहितीप्रमाणे ५ ते २९ वर्षे वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हेच आहे. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले सुमारे साडेनऊ हजार होती, रोजची सरासरी सव्वीस. एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यूंच्या पुढे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने "अतिवेग" असे कारण नोंदवले आहे.

"मुलांनाच नीट शिकवा ना, दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडायला," असे काहीजण म्हणतात. शिकवायलाच हवे. पण लहान मुलाची नजर मोठ्याच्या नजरेसारखी नसते. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की समोरून येणारी गाडी ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेली तर प्राथमिक शाळेतल्या मुलांना ती जवळ येते आहे हे नीट उमगेलच असे नाही. त्यातून मूल ठेंगणे. उभ्या रिक्षेच्या पलीकडचे त्याला दिसत नाही आणि पलीकडच्याला ते दिसत नाही. वेग उतरवण्याची जबाबदारी म्हणूनच गाडीवाल्याची आहे.

नोंदीत न आलेले अपघात

आता आमच्या चुकीविषयी. अर्ज घेऊन आम्ही कार्यालयांच्या पायऱ्या चढू लागलो तेव्हा पहिला प्रश्न आला: "तिथे अपघात किती झाले?" आम्ही सांगितले ते लिहून घेणाऱ्याने रजिस्टर उघडले. रजिस्टरात त्या जागेपुढे काहीच नव्हते. चौथीतल्या मुलीचा अपघात आम्ही मोहल्ल्यातच मिटवला होता. त्याआधी एका म्हाताऱ्या चाचांना धक्का लागला होता, तोही मिटवला होता. एका रिक्षाचालकाने एका मुलाच्या पायावरून चाक नेले होते, तेही मिटवले होते. सरकारच्या दृष्टीने आमचा रस्ता सुरक्षित होता.

राष्ट्रीय महामार्गावर "अपघातप्रवण स्थळ" ठरण्याची कसोटीच अशी आहे की सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावेत, किंवा दहा मृत्यू व्हावेत. दुरुस्ती मोजणीवर चालते, आणि आपण मोजणीतूनच आपली मुले वगळतो. माफ करणे ही मोठी गोष्ट आहे, ती जरूर करावी. पण माफ करणे वेगळे आणि घडलेच नाही असे दाखवणे वेगळे. पोलिसांकडची नोंद दुसऱ्या मुलाला वाचवण्यासाठी असते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

नेदरलँड्समधला एक बाप

मुलांच्या अपघातांची मोजणी चव्हाट्यावर आणल्याने काय होते, याचे एक उदाहरण युरोपातल्या नेदरलँड्सचे आहे. तिथल्या सायकलींची छायाचित्रे पाहून आपल्याला वाटते की तो देश पहिल्यापासून तसाच असेल. तसे नाही. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अपघातात गेली. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता "बालहत्या थांबवा". त्या नावानेच पालकांची चळवळ उभी राहिली. आया मुलांना घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांनी रस्ते अडवले, धोक्याच्या जागांचे नकाशे केले. पुढे १९७६ पर्यंत घरांच्या वस्तीतल्या अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली, जिथे मोटारीला माणसाच्या चालीने जावे लागते. अलीकडच्या वर्षांत तिथे रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास असतात. तिथली माणसे काही आपल्याहून जात्याच सबुरीची नव्हती. आईबापांनी तगादा सोडला नाही, एवढेच.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. मुंबईत भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर एका शाळेसमोर महापालिका, वाहतूक पोलीस आणि नगररचनेवर काम करणारी एक संस्था यांनी मिळून काही वर्षांपूर्वी प्रयोग केला. रंग, शंकूसारखे अडथळे, ओलांडण्याचे ठळक पट्टे आणि मुलांना उभे राहायला आखलेली जागा, इतकेच साहित्य. गजबजलेल्या मुंबईत जे जमते ते तालुक्याच्या गावात जमू नये असे काही नाही.

फलक आला, पुढे काय?

आमच्या अर्जाला सव्वा वर्ष लागले. अधिसूचना निघाली आणि शाळेच्या दोन्ही बाजूंना वर्तुळातला २५ चा आकडा उभा राहिला. आम्ही मुलांना पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी उभे राहून पाहिले तर निम्म्याहून अधिक गाड्या आकड्याकडे न बघता निघून गेल्या. हेल्मेट घातलेले पालक बोटांवर मोजता येत होते. एका मोटारसायकलवर तीन मुले आणि बाप. दुसरीवर नववीतला भाऊ धाकट्या बहिणीला न्यायला आलेला.

मर्यादा पाळायला लावणाऱ्या गोष्टी तीन आहेत, असे आता आमचे मत झाले आहे.

पहिली गोष्ट रस्ता स्वतः. गतिरोधकावर दया-माया चालत नाही. पण तो नियमाचा हवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ताशी २५ वेगासाठीचा गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. अलीकडे सूचनाफलक आणि वर पांढरे पट्टे लागतात. आमच्याकडे ठेकेदाराने आधी वीतभर रुंदीचा ढिगारा घातला. त्यावर रिक्षा आदळून एका गरोदर बाईला त्रास झाला, तेव्हा तो काढून नव्याने करावा लागला.

दुसरी गोष्ट दंड. वेग ओलांडल्यास कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १ हजार ते २ हजार, मध्यम आणि जड वाहनाला २ हजार ते ४ हजार रुपये दंड आहे. पोलीस रोज उभे राहू शकत नाहीत, हे आम्ही समजतो. पण शाळा भरण्याची आणि सुटण्याची अर्धी अर्धी घटका, महिन्यातून काही अचानक दिवस, एवढे झाले तरी गाडीवाल्यांत बातमी पसरते. एक गोष्ट मात्र विसरली जाते: मक्तब. आमची मुले फज्रनंतर आणि असरनंतर कुरआन पढायला त्याच रस्त्याने जातात. "शाळेच्या वेळेत" एवढेच लिहिलेला फलक त्यांच्या उपयोगाचा नाही. अर्जात मक्तबच्या वेळाही लिहाव्यात.

तिसरी गोष्ट आम्ही स्वतः, आणि सर्वांत अवघड तीच. फाटकापाशी वेगाने येणाऱ्या गाड्यांत पालकांच्या गाड्या थोड्या नाहीत. जुम्म्याच्या दिवशी तर शाळा सुटण्याची वेळ आणि जमात गाठण्याची घाई एकत्रच येते. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्यांनाही रस्त्याचे हक्क असतात, आणि कोणाला त्रास होऊ न देणे हा त्यांतला एक हक्क आहे, अशी आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मग नमाजला निघालेल्या माणसाने एका लेकराला कडेला उडी मारायला लावावी, हे कसे बसते? आमच्या इमामसाहेबांनी एका जुम्म्याला हे अगदी साध्या शब्दांत सांगितले. त्याचा परिणाम फलकाहून जास्त झाला.

शाळेच्या अलीकडे-पलीकडे मिळून तीनशे मीटरचा टप्पा धरा. ताशी ५० ने तो २२ सेकंदांत संपतो, ताशी २५ ने ४३ सेकंदांत. आपण जी घाई करतो तिची कमाई फार तर २२ सेकंद. एवढ्या वेळात शांतपणे एक सूरह फातिहा पढून होते.

आपल्या गावात काय करता येईल?

वाचक भगिनी-बंधूंनो, आमच्या धडपडीतून जे हाती आले ते थोडक्यात सांगतो.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा: ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग. अर्ज चुकीच्या दारात गेला तर महिने जातात. वेगमर्यादेच्या अधिसूचनेसाठी पोलीस आयुक्तालय असेल तिथे वाहतूक शाखेत, इतरत्र जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. जिल्ह्याची रस्ता सुरक्षा समितीही असते, तिच्यापुढे विषय ठेवायला सांगा.

अर्ज एकट्याने करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिचा ठराव जोडा. स्कूलबस किंवा व्हॅन असेल तर राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती हवी. ती कागदावरच आहे का ते विचारा. फलक आहे पण दंड होत नाही अशी स्थिती असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर अधिसूचनेची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत नसेल तर खरी अडचण तिथेच आहे.

अपघात झाला तर माफ करा, मदत करा, पण नोंद करा.

घरातले नियम घरातच ठरवा. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट कायद्याने लागतेच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर नेताना हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा हवा, आणि वेग ताशी ४० च्या वर नको, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "जवळच तर जायचे आहे" हे उत्तर कायद्यातही चालत नाही आणि डांबरावरही नाही.

आमच्या शाळेत आता एक साधी पद्धत पडली आहे. पालक गाडी शंभर पावले अलीकडे लावतात आणि मुलाला हाताला धरून चालत नेतात. आळीपाळीने दोन आया किंवा दोन दादा-नाना रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून हात करतात. ज्या बापाच्या मोटारसायकलने ती मुलगी पडली होती, तो मंगळवारी आणि गुरुवारी उभा असतो. कोणी त्याला सांगितले नव्हते.

ती मुलगी आता सहावीत आहे. रस्ता ओलांडताना ती फलकाकडे बघत नाही, गाडीच्या चाकाकडे बघते. चाक थांबले की मगच पाऊल टाकते. आमच्या रस्त्यावर ती चाके पूर्वीपेक्षा लवकर थांबू लागली आहेत. सगळी थांबेपर्यंत आमचे काम संपलेले नाही.